ऑपरेशनची हत्यारे कोण धुते?

२५ ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबईत एका रुग्णालयाच्या कार्यक्रमात देशाच्या पंतप्रधानांनी सांगितले की, माणसाच्या धडावर हत्तीचे मुंडके बसवणारा कुणीतरी प्लास्टिक सर्जन आपल्याकडे त्या काळी असला पाहिजे. त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, ८ नोव्हेंबर २०१४ रोजी, छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात सरकारी नसबंदी शिबिर भरले. एका सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली. त्या शिबिरातल्या आणि त्याच दिवसांत जिल्ह्यात भरलेल्या दुसऱ्या शिबिरांतल्या मिळून किमान १३ जणी मेल्या. बहुतेक दलित, आदिवासी, ओबीसी घरांतल्या. हातावर पोट असलेल्या.

मित्रांनो, त्या भाषणावर आपण भरपूर लिहिले, भरपूर हसलो. बिलासपूरवर चळवळीत फार कमी बोलले गेले. मृत्यू दूषित गोळ्यांनी झाले की शस्त्रक्रियेतल्या जंतुसंसर्गाने, यावर पुढे बराच वाद झाला, चौकशी झाली. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण एक हिशेब कुणालाही करता येतो. पोटात घालायची दुर्बीण वाफेत टाकता येत नसेल, तर ती आधी नीट धुवून, कोरडी करून २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात कमीत कमी २० मिनिटे पूर्ण बुडवून ठेवावी लागते आणि मग निर्जंतुक पाण्याने खळबळून घ्यावी लागते. जिवाणूंचे चिवट बीजाणूसुद्धा मारायचे असतील तर त्याच द्रावणात १० तास लागतात. आपण वीस मिनिटेच धरू. त्या शिबिरात दुर्बीण एकच होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. ८३ गुणिले २० म्हणजे १६६० मिनिटे, सत्तावीस तासांहून जास्त. ही नुसती भिजवण्याची वेळ. धुण्याची, पुसण्याची आणि शस्त्रक्रियेची वेगळी. सरकारचाच नियम दिवसाला ३० पेक्षा जास्त शस्त्रक्रिया करू नयेत असा होता, तो काही उगाच नव्हता.

सर्जनचे नाव देशभर छापून आले. सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरे तीन वर्षांच्या आत बंद करा म्हणून सांगितले. हे सगळे चांगलेच झाले. पण दोन बायकांच्या मधल्या वेळात ती दुर्बीण ज्याच्या हातात होती तो कोण होता, त्याला कुणी काय शिकवले होते, त्याच्यापुढे किती भांड्यांत कसले पाणी होते, हे आमच्या वाचनात कुठेही आले नाही. कापणाऱ्या हाताची चौकशी होते. धुणारा हात चौकशीच्याही लायकीचा समजला जात नाही.

आम्ही डॉक्टर नाही. समाजशास्त्रात एम.ए. करून गेली काही वर्षे एका शहरात रुग्णालयांतल्या कंत्राटी सफाई कामगारांच्या वस्तीत समाजकार्य करतो. वस्ती आपलीच आहे. बौद्ध, मातंग, वाल्मिकी, थोडी भटक्यांची घरे. पीएफ कापला जातो पण खात्यावर जमा होत नाही, अशी तक्रार घेऊन काही बायका आमच्याकडे आल्या. त्यांच्यातल्या एक मावशी ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत काम करायच्या. हजेरीपत्रकात हुद्दा 'सफाई कामगार'. आम्ही विचारले, "मावशी, थिएटरमध्ये फरशी पुसता का?" त्या म्हणाल्या, "फरशी दुसरी पुसते. मी इन्स्ट्रुमेंट धुते. सिझरचा सेट, हर्नियाचा सेट, हाडाचा सेट. दिवसाला किती होतात ते मोजलं नाही कधी."

पीएफच्या कागदांसाठी त्या रुग्णालयात आमचे बरेच खेटे झाले. त्या निमित्ताने मावशींचे काम जवळून पाहता आले. समाजशास्त्राच्या पुस्तकात जे कळले नाही ते त्या खोलीतल्या सिंकपाशी कळले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ऑपरेशन संपले की रक्ताने माखलेले चिमटे, कात्र्या, आर्टरी, नीडल होल्डर एका ट्रेमधून मागे येतात. पहिला नियम असा की रक्त वाळू द्यायचे नाही. वाळलेल्या रक्ताखाली जंतू बसतात आणि त्यांच्यावर चिकट थर तयार होतो. मग ना साबण आत जातो ना वाफ. दुसरा नियम, पहिले पाणी थंडच हवे. आमच्यासमोर एका नव्या मुलीने गिझरचा नळ सोडला, तेव्हा मावशी ओरडल्या, "गरम नको गं! अंड्याचं भांडं गरम पाण्यानं धुतल्यावर काय होतं? चिकटतं ना? तसंच रक्त बसतं." रक्तातली प्रथिने साधारण ४५ अंश सेल्सियसच्या वर गोठून धातूला धरून बसतात, हे जगभरातल्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते. मावशी पुस्तक वाचलेल्या नाहीत. त्यांना हे एका जुन्या सिस्टरने सांगितले, आणि पटले ते अंड्याच्या भांड्यावरून.

मग प्रत्येक हत्यार उघडायचे. आर्टरीला कुलपासारखे दात असतात, मधे सांधा असतो. ती मिटलेली धुतली तर बाहेरून लखलखते आणि सांध्यात रक्त तसेच राहते. सुटे होणारे सगळे सुटे करायचे. नळीसारखे हत्यार असेल तर आतून तेवढ्याच जाडीचा ब्रश फिरवायचा, आणि ब्रश पाण्याच्या खाली चालवायचा म्हणजे शिंतोडे तोंडावर उडत नाहीत. रक्त विरघळवणारा एन्झाइमचा साबण ठरलेल्या प्रमाणात, ठरलेली मिनिटे. खळबळणे. वाळवणे, कारण ओल राहिली तर गंज धरतो. मग उजेडात धरून, भिंग असेल तर भिंगातून पाहायचे: सांध्यात डाग आहे का, कात्रीची धार लागते का, चिमट्याची टोके एकमेकांवर नीट बसतात का. सांध्याला वंगण द्यायचे तेही पाण्यात मिसळणारे. शिलाई मशीनचे तेल घातले तर त्याच्या थराखाली वाफ पोचत नाही. मग सेट मोजून बांधायचा. मोजणीत एक चिमटा कमी भरला, तर तो कुणाच्या पोटात राहिला का, इथपर्यंत गोष्ट जाते.

एवढे झाल्यावर ऑटोक्लेव्ह येतो. ते यंत्र म्हणजे आपल्या घरातल्या कुकरचाच मोठा भाऊ. पास्टरचे सहकारी चार्ल्स शांबरलां यांनी १८७९ मध्ये ते तयार केले. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाते, तसेच इथे १५ पौंड दाबाला वाफ १२१ अंशांवर जाते आणि गुंडाळलेल्या सेटला त्या तापमानात साधारण अर्धा तास ठेवतात. हवा शोषून घेणाऱ्या नव्या यंत्रात १३४ अंशांवर काही मिनिटांत काम होते. पण आत हवा अडकली, ड्रम कोंबून भरला, ड्रमची भोके उघडायची राहिली, तर काटा १२१ दाखवतो आणि गाठोड्याच्या पोटात तेवढी उष्णता पोचलेलीच नसते. गाठोड्यावरच्या चिकटपट्टीचे पट्टे काळे झाले की अनेकांना वाटते झाले. ती पट्टी फक्त एवढेच सांगते की हे गाठोडे उष्णतेतून गेले आहे. आतले जंतू मेले की नाही हे पाहायला सर्वात चिवट जिवाणूचे बीजाणू असलेली कुपी आत ठेवून नंतर ते उगवतात का हे तपासावे लागते. आणि गाठोडे ओले बाहेर आले तर ते वापरायचे नाही, कारण ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळे लिहायचे कारण एवढेच, की वाफ कितीही कडक असली तरी घाणीचे निर्जंतुकीकरण होत नाही. आधी धुणे नीट झाले तरच पुढचे यंत्र उपयोगाचे. लाखो रुपयांचे यंत्र ज्या कामावर अवलंबून आहे ते काम मावशी करतात, जुन्या टूथब्रशने. रुग्णालयाने त्या खोलीला दिलेला ब्रश झिजल्यावर दुसरा आला नाही, म्हणून मावशींनी घरचा आणला.

आता जातीकडे येऊ. काही वाचक म्हणतील, यात जात कुठून आली, हे तर तंत्रज्ञान आहे.

जिथे ही खाती नीट बांधलेली असतात तिथे खोल्या तीन असतात. पहिलीत मळलेला माल येतो आणि धुतला जातो. दुसरीत तो तपासून बांधला जातो. तिसरीत निर्जंतुक झालेला माल राहतो. माल एकाच दिशेने पुढे जातो, मागे येत नाही. यामागचे शास्त्र अगदी बरोबर आहे. पण आम्ही ज्या दोन-तीन रुग्णालयांत डोकावलो तिथे माणसांचीही तशीच मांडणी होती. पहिल्या खोलीत ओल्या फरशीवर, बिनपंख्याचे, आपल्या वस्तीतले कंत्राटी लोक. तिसऱ्या खोलीत एसी, खुर्ची, रजिस्टर आणि 'टेक्निशियन' असा बिल्ला. त्या बिल्ल्यावरची आडनावे आम्ही वाचली. तुम्हीही आपापल्या शहरात वाचून पाहा. माल पहिल्या खोलीतून तिसरीत तासाभरात जातो. माणूस पंधरा वर्षांत जात नाही.

लुई द्युमाँ यांनी जातिव्यवस्थेचा पाया शुद्ध आणि अशुद्ध यांच्या विरोधात शोधला. मेरी डग्लस यांनी घाण म्हणजे जागा चुकलेली वस्तू, अशी मांडणी केली. दोन्ही ग्रंथ १९६६ चे, दोन्ही आम्हाला एम.ए.ला होते. द्युमाँवर आपला आक्षेप जुना आहे: त्यांनी ब्राह्मणाच्या डोळ्यांनी जात पाहिली, सत्ता आणि शोषण मागे टाकले. तरी त्यांचे शुद्ध-अशुद्ध घेऊन त्या खोलीत उभे राहिले की एक गोष्ट लख्ख दिसते. 'सोवळे' आणि 'निर्जंतुक' हे एकाच जातीचे शब्द नाहीत, ते एकमेकांचे वैरी आहेत. सोवळे जन्माने मिळते. ज्याला ते मिळाले त्याने हात धुतले नाहीत तरी चालते, आणि ज्याला नाही मिळाले त्याने चवदार तळ्याचे सगळे पाणी अंगावर घेतले तरी मिळत नाही. निर्जंतुकपणा कुणालाच जन्माने मिळत नाही. तो पाणी, ब्रश, साबण, तापमान आणि मिनिटे यांतून कमवावा लागतो. शंकराचार्यांनी बोट लावले तरी तो जातो आणि मावशींनी लावले तरी जातो. जंतूला आडनाव कळत नाही. वाफेलाही नाही.

ही साधी गोष्ट युरोपलाही सहज पटली नव्हती. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रेतांची चिरफाड करून थेट बाळंतिणी तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याने हात धुवायला लावले, आणि बाळंतिणींचे मरण झपाट्याने कमी झाले. तरी मोठमोठे डॉक्टर बिथरले. सभ्य माणसाचे हात मृत्यू घेऊन येतात हे त्यांना सहन झाले नाही. आपल्याकडे तर सभ्यतेला धर्माचा आधार. रक्त, पू, वार, प्रेत यांना हात लावणे हा विटाळ, म्हणून जखमेचे काम न्हाव्याकडे गेले, बाळंतपणाचे काम दाईकडे, नाळ-वार पुरणे आपल्या आयाबायांकडे. सुश्रुताच्या ग्रंथात शंभरावर यंत्रे आणि वीस शस्त्रे मोजून दिली आहेत, त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण ज्या समाजाने रक्ताला हात लावणाऱ्याला खाली ढकलले, त्या समाजात सुश्रुताची शस्त्रक्रिया टिकणार कशी?

बुद्धाची गोष्ट आपल्या घरात सांगितली जाते, ती इथे आठवते. विनयपिटकाच्या महावग्गात आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडला होता, त्याच्याकडे कुणी बघत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि मग संघाला बोलावून जाब विचारला. धुण्याचे काम शास्त्याने स्वतः केले. ते सफाई खात्याकडे सोपवले नाही.

आता आमच्याच माणसांचा मुद्दा. एका वाचनालयात आम्ही हा विषय मांडला तेव्हा बी.ए. करणारा एक मुलगा उठून म्हणाला, "दादा, बाबासाहेबांनी सांगितलं घाणीची कामं सोडा. आणि तुम्ही आम्हाला परत भांडी घासायला पाठवता?" टाळ्या त्याला पडल्या. प्रश्न खोटा नाही. महाडनंतर आपल्या आजोबा-पणजोबांनी गावोगाव मेलेली गुरे ओढणे बंद केले, त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. त्या नकारातूनच आपण शाळेत आलो. तो नकार मोडायला आम्ही सांगत नाही.

पण बाबासाहेबांनी नाकारले ते काय होते? काम जातीने लादलेले होते, त्याला दाम नव्हता, ते सोडायची मुभा नव्हती, आणि ते करणाऱ्याला माणूस मानत नव्हते. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी श्रमाची वाटणी आणि श्रमिकांची उतरंड यांत फरक केला, तो आपण पाठ करतो आणि वापरत नाही. लंडनमध्ये किंवा टोकियोत कुणी शस्त्रक्रियेची हत्यारे धुतो, त्याला त्यासाठी शिकवले जाते, आणि त्या कामाचा शिक्का त्याच्या मुलांच्या लग्नावर बसत नाही. काम तेच, थंड पाणी तेच. आपल्याकडे ते 'सफाई' या एका शब्दात कोंबले, की त्यातले कौशल्य अदृश्य होते आणि फक्त जात उरते. मग कौशल्याचा पगार देण्याचा प्रश्नच येत नाही.

आम्हाला दोन्ही टोके मान्य नाहीत. एक टोक म्हणते, हे काम थोर आहे, सेवा आहे, यात देव बघा. हे ज्यांनी कधी मैला उचलला नाही त्यांचे अध्यात्म आहे. दुसरे टोक आपल्या शिकलेल्या पोरांचे: सोडा आणि विसरा. तुम्ही सोडाल, चांगले आहे. पण मावशी उद्या सोडणार नाहीत, कारण घरभाडे आहे. आणि तुमच्या बहिणीचे सिझर होईल तेव्हा आर्टरी कुणीतरी उघडून धुतलेली असावीच लागेल. प्रश्न काम करायचे की नाही हा नाही. हे काम शास्त्र म्हणून मोजले जाणार की जात म्हणून, हा आहे.

इथे हायपोचा किस्सा सांगायलाच हवा. अनेक ठिकाणी अजूनही वापरलेली हत्यारे धुण्याआधी क्लोरिनच्या पाण्यात, म्हणजे हायपोच्या बादलीत, बुडवायला सांगतात. एके काळी प्रशिक्षणातच तसे शिकवले जायचे: ०.५ टक्के क्लोरिन, १० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत हे करू नका असे सांगितले आहे. रक्तामुळे औषधाची ताकद जाते, क्लोरिन पोलाद खाते, आणि धुणाऱ्याला खोटा भरवसा वाटून तो निष्काळजी होतो. मावशींच्या रुग्णालयात सुपरवायझरचा हुकूम होता की बादली भरलेली दिसली पाहिजे, तपासणीला लोक येतात. हत्यारे तासन्‌तास बादलीत. मग कात्र्यांवर बारीक खड्डे पडले, सांधे धरले. सर्जन चिडले. आणि 'माल खराब केला' म्हणून पैसे कुणाच्या पगारातून कापले? मावशींच्या आणि त्या नव्या मुलीच्या.

आम्ही मार्गदर्शिकेची प्रत काढून तिथल्या मेट्रनकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "मला हे माहीत आहे. पण वर सांगणार कोण?" त्याही एका आरक्षित जागेवरून आलेल्या होत्या. तो संवाद आम्ही पुढे वाढवला नाही. कापलेले पैसे मात्र कामगार आयुक्तांकडे अर्ज केल्यावर कंत्राटदाराने परत दिले, दोन महिन्यांनी.

याहून मोठा प्रश्न जिवाचा आहे. या खोलीत सुई टोचते, ब्लेड लागते. रक्तात हिपॅटायटिस बी असेल आणि टोचलेल्या माणसाने लस घेतलेली नसेल, तर लागण होण्याची शक्यता शेकडा ६ पासून ३० पर्यंत सांगितली जाते. एचआयव्हीची शेकडा ०.३ च्या आसपास. म्हणजे ज्या रोगाला आपण सगळे घाबरतो त्याच्यापेक्षा कितीतरी पट सहज लागणारा रोग असा आहे की ज्याची लस बाजारात मिळते. तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. टोचल्यावर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. आम्ही वस्तीत विचारले तेव्हा हे ७२ तास कुणालाच ठाऊक नव्हते. टोचले तर काय करता, म्हटले तर एक जण म्हणाला, "पिळून रक्त काढतो आणि चुना लावतो."

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये स्पष्ट आहे की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यायचे, आरोग्य तपासणी करायची, नोंद ठेवायची. नियमात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. आता गंमत बघा. मावशी हत्यारे धुतात, 'कचरा' हाताळत नाहीत, म्हणून त्या नियमात बसत नाहीत, असे एका अधिकाऱ्याने आम्हाला ऐकवले. ट्रेमधल्या सुया आणि ब्लेड वेगळी काढून डब्यात कोण टाकते, असे विचारल्यावर त्यांनी फोन आल्याचे सांगितले.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना हे काम सुचवतो. जयंतीची वर्गणी आणि बॅनर यांतून थोडा वेळ काढा. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज येतो. तुमच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाला विचारा: ऑपरेशन थिएटरची उपकरणे धुण्याचे काम कोणत्या पदावरचे कर्मचारी करतात, त्यांतले कंत्राटी किती, गेल्या तीन वर्षांत त्यांना कधी आणि कशाचे प्रशिक्षण दिले त्याच्या हजेरीची प्रत, हिपॅटायटिस बीच्या लसीच्या नोंदवहीची प्रत, सुई टोचल्याच्या घटनांच्या नोंदवहीची प्रत, ऑटोक्लेव्हच्या बीजाणू चाचणीचे गेल्या सहा महिन्यांचे निकाल, आणि त्या खोलीसाठी गेल्या वर्षी किती ब्रश विकत घेतले. शेवटचा प्रश्न गाळू नका. आमच्या अनुभवात त्याचेच उत्तर द्यायला सगळ्यात जड जाते. नोंदवहीची प्रत मागा, 'दिली आहे का' असे विचारू नका. 'होय' म्हणून मोकळे होतात.

आणि ज्या मुलांनी बारावी सायन्स केले आहे त्यांनी ओटी टेक्निशियनचे, निर्जंतुकीकरण तंत्राचे अभ्यासक्रम पाहावेत. त्यांत लाज नाही. तिसऱ्या खोलीतली खुर्ची आपली झाली तर पहिल्या खोलीत पंखा लावण्याची फाईल तरी कुणीतरी पुढे सरकवेल. सरकवेलच असेही नाही, मेट्रनचे उदाहरण वर दिले आहे. तरी ती खुर्ची सोडून द्यायची कशासाठी? अनुभवाने शिकलेल्यांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्या, हुद्दा बदला आणि कुशल कामगाराचे किमान वेतन लावा, ही मागणी आम्ही कामगार आयुक्तांकडे लेखी दिली आहे. मावशींची परीक्षा आजच घेतली तर त्या पहिल्या येतील याबद्दल आम्हाला शंका नाही.

आमच्या स्वतःच्या माहिती अधिकार अर्जाला तिसाव्या दिवशी उत्तर आले: 'सदर माहिती कंत्राटदाराशी संबंधित असल्याने या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.' पहिले अपील केले आहे, सुनावणी लागली आहे. मधल्या काळात थिएटरच्या मागच्या खोलीतल्या सहा जणांना लसीचा पहिला डोस मिळाला. कुणाच्या आदेशाने ते कागदावर नाही. मावशींनी कार्डाचा फोटो आम्हाला पाठवला आहे. दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे, तिसरा मार्चमध्ये. त्यांच्या कंत्राटाची मुदत डिसेंबरात संपते.

जय भीम.